मुकं जनावर खोटं बोलत नाय

आमच्या शेजारचे तात्या बिघडलेल्या कॉम्प्युटरला स्टेथोस्कोप लावतात.

गंमत म्हणून नाही. खरोखरचा, काळ्या रबरी नळीचा, डॉक्टर लावतात तो. नळी कानात घालतात, डोळे मिटतात आणि त्या पत्र्याच्या डब्याच्या पाठीवर, पोटावर, बरगड्यांवर चकती फिरवत बसतात. मध्ये कुणी बोललं की डावा हात वर. आपण गप्प. मग डोळे उघडून सांगतात, "उजव्या कुशीतला पंखा घरघर करायलाय. धूळ हाय आत." चीड याची येते, की उघडून बघावं तर धूळ असतेच.

तात्या म्हणजे काशिनाथ तात्या. गारखेड्यात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात, पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेली. पैठण, गंगापूर, वैजापूर, जिथं बदली होईल तिथं. लोक 'ढोरांचे डॉक्टर' म्हणायचे आणि तात्यांना त्यात काडीचा कमीपणा वाटायचा नाही. घरी पूर्वीपासून मेंढरं. "मी आधी मेंढराशी बोलायला शिकलो," ते सांगतात, "माणसाशी मागून. म्हनून माणसाशी अजून बराबर जमत नाय."

असा माणूस कॉम्प्युटरमध्ये कसा शिरला? निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना त्यांच्या दवाखान्यात सरकारनं एक कॉम्प्युटर पाठवला. साहेबांनी त्यावर टेबलक्लॉथ घातला, वर फुलदाणी ठेवली आणि आठ महिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. एका दुपारी एकही जनावर आलं नाही. तात्यांनी फुलदाणी बाजूला केली आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"आत बघतो तर काय, बैलापरीस सोपं! बैलाच्या पोटात कुठं वायरींला रंग दिलेला असतो?"

तेव्हापासून कॉलनीतल्या कुणाचाही कॉम्प्युटर आडवा झाला की तात्या. पैसे घेत नाहीत, चहा घेतात, पण नियम फार. चपला उंबऱ्याबाहेर. यंत्राजवळ येण्याआधी मोरीतल्या लोखंडी नळाला हात लावून यायचं. अंगात वीज असते म्हणे, ती नळात उतरवायची. आमच्या वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी, चांगले बँकेतले अधिकारी, नळाला हात लावल्याशिवाय त्यांना स्वतःच्या लॅपटॉपजवळ बसू दिलं नव्हतं. "तू बी जा," असं तात्या मलाही म्हणाले होते. मी सेहेचाळीस वर्षांची बाई, मला 'पोरी' म्हणणारा आणि नळाला हात लावायला पाठवणारा माणूस जगात हा एकच उरला आहे.

आणि केसपेपर! प्रत्येक यंत्राचा वहीत केसपेपर. जुन्या दवाखान्यातले सगळे रकाने जसेच्या तसे. मालकाचे नाव. रुग्णाचे वय. जात. कंपनीचा तयार लॅपटॉप आला की जातीच्या रकान्यात 'जर्सी' लिहितात. दिसायला देखणा, तब्येतीला नाजूक. सुटे भाग आणून बांधलेला तो 'गावरान'. मग लक्षणं, मग 'काय खाल्ले', आणि शेवटी 'मालकाचे म्हणणे'. हा शेवटचा रकाना ते भरतात आणि तिथंच पुढं बारीक प्रश्नचिन्ह काढतात.

कारण तात्यांचा मालकांवर भरवसा नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, दिवसातून दोनदा तरी ऐकू येतं: "मुकं जनावर खोटं बोलत नाय. मालक बोलतो."

याला पोळ्याची गोष्ट कारण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणे त्यांच्या दवाखान्यात रांग लागायची. बैलांची पोटं टम्म फुगलेली, रवंथ बंद. तात्या विचारायचे, काय खाऊ घातलं? मालक छातीवर हात ठेवून सांगणार, "साहेब, नुसता कडबा! आईची शप्पथ." आणि बैलाच्या तोंडाला गुळाचा वास. मग तात्या मालकाला सोडून त्याच्या बायकोकडे वळायचे. बाई पदराआड बघायची, पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची आणि शेवटी कबूल व्हायची. वर्षभर राबला बिचारा, म्हणून पुरणपोळ्या चारल्या. किती? पंधरा. वीस. एकीनं तर घरातल्या माणसांना कमी पडल्या तरी बैलाला कमी पडू दिल्या नव्हत्या.

"लोक जनावराला वैरानं मारत नाय," तात्या सांगतात, "मायेनं मारत्यात. आन् मंग सांगायला लाजत्यात."

घरात मात्र त्यांना बरोबर उलटी बायको मिळाली होती. सुभद्राकाकू. तात्या एक शब्द बोलायचे त्या वेळात त्यांचे बारा व्हायचे. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन. कॉलनीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज त्यावर झाले आणि सगळ्या बायकांची गाऱ्हाणी त्यावर ऐकली गेली. कुठलीही नवी वस्तू घरात आली की काकू तिला हळदीकुंकू लावणार. गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, तात्यांची स्कूटर, काही सुटलं नाही. तात्यांनी निवृत्तीनंतर पहिला कॉम्प्युटर बांधला, तोही त्या शिलाई मशीनच्या फळीवरच, आणि तो उघडाच चालू करून बघत असताना काकूंनी मागून येऊन चिमूटभर कुंकू वाहिलं. पंख्यानं ते घेतलं आणि खोलीभर केलं. तात्यांची दाढी लाल, भिंत लाल, आणि आतल्या नव्या कोऱ्या मदरबोर्डावर लाल थर.

"यंत्र हाय ते! नवरी नाय!" हा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. पुढं तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे तात्या बोलले नाहीत आणि काकू माझ्याशी बोलल्या. त्यानंतर काकूंनी कुंकवाचा करंडा यंत्राजवळ नेला नाही, हे साऱ्या कॉलनीला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. महिन्याभराचं दुखणं, बस्स. तात्या त्यानंतरही लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत राहिले, पण नवा बांधून द्या म्हटलं की नाही म्हणायचे. "हात बसत नाय आता." कुणी फार आग्रह केला तर स्टेथोस्कोप कानात घालून बसायचे, म्हणजे ऐकू येत नाही.

आता माझं सांगते. लग्नाआधी आणि नंतरही मी अक्षरजुळणीचं काम करत असे. लग्नपत्रिका, अहवाल, प्रबंध, काय म्हणाल ते. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि अकरा वर्षं माझं काम बंद राहिलं. त्याचं दुःख नाही, पण बायकांच्या घोळक्यात कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की माझा आवाज बारीक व्हायचा. या वर्षी एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडे आली. एकशे साठ पानं. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "शेवटच्या पानावर तुमचं नाव टाका, अक्षरजुळणी म्हणून." ते ऐकून मी घरी येऊन आरशात स्वतःकडे बघितलं होतं, आता सांगायला काय लाज.

शेवटची चाळीस पानं उरली आणि सोमवारी माझा जुना कॉम्प्युटर गेला. तात्यांनी नळी लावली, मिनिटभर ऐकलं आणि नळी गळ्यात टाकून म्हणाले, "वय झालं व्हतं. तरास नाय झाला त्याला." झालेली पानं मी रोज पेनड्राइव्हवर ठेवत होते म्हणून वाचली. पण शनिवारी दुपारी बारापर्यंत फाइल छापखान्यात पोचायला हवी होती. नाही पोचली तर समारंभाला स्मरणिका नाही, आणि पुढं मला कोण काम देणार? तात्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर इतका म्हातारा, की माझं एक पान उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होत. आमचे प्रदीपराव, म्हणजे माझे यजमान, वाळूजच्या कंपनीतून आल्या आल्या म्हणाले, "दुकानातून तयार घेऊन ये, विषय संपव."

मी ते तात्यांना सांगायला गेले. ते शिलाई मशीनकडे बघत बसले होते. उठून त्याच्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नको. मी बांधतो. स्कूटर काढतो उद्या."

मंगळवारी आम्ही औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत. तात्यांबरोबर खरेदीला जाणं म्हणजे बैलबाजारात जाणं. एक वस्तू एका दुकानात, दुसरी दुसऱ्या. खिशातून भिंग काढून प्रत्येक पिन बघणार, डबा कानाशी हलवणार, पाठीवर थाप मारणार. बोर्ड विकणारा दुकानदार त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारा. "तात्या, एकदम नया पीस है, काय कू टेन्शन लेते?" तात्या भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "तू मालक हायेस. तू बोलू नको."

बुधवारी सकाळी दहाला मी चहा घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडं, शिलाई मशीनच्या फळीवर नवा बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवलेला, आणि तात्या दिसेनात. बघते तर मशीनखाली, चारी पायांवर, हातात टॉर्च.

"तात्या! काय झालं?"

"स्क्रू पडलाय."

"कुठला?"

"बारका."

मला नवल वाटलं. हा माणूस स्क्रू मोजून स्टीलच्या वाटीत ठेवतो आणि वाटीवर ताटली ठेवतो. "थांबा, मी झाडून देते, झाडूत येईल," म्हणत मी कोपऱ्यातल्या केरसुणीला हात घातला, आणि तात्या ओरडले.

"झाडू लावू नको!"

इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवलेला मी प्रथमच ऐकला. त्यांनाही ते कळलं असावं, कारण लगेच उठले, गुडघे झटकले आणि गार झालेला चहा मुकाट्यानं प्यायले. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईलाही त्यांनी तीन दिवस त्या खोलीत केर काढू दिला नाही.

मग बांधणी सुरू झाली. ते बघण्यासारखं असतं, खरंच. घाई नाही. एक भाग उचलायचा, फुंकर घालायची, बसवायचा, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून थोडं थांबायचं. दीडच्या सुमाराला सगळं जोडून झालं. तात्या हात धुवायला उठले. "मी भाकर खाऊन येतो. तवर हात लावू नको. पयल्यांदा उठवायचं तर निवांत उठवायचं."

आणि मी काय केलं? ते आत गेले आणि मी बटण दाबलं. स्वभावाला औषध नाही! नवा कॉम्प्युटर, अडकलेली चाळीस पानं, आणि समोर चमकणारं बटण. दाबलं. पंखा फिरला, निळा दिवा लागला, पडदा मात्र काळाच. मी दहापर्यंत आकडे मोजले. काळाच. घाबरून प्लग ओढला आणि दारात जाऊन उभी राहिले, जणू मला रस्त्यावरच्या भाजीवाल्यातच रस आहे.

तात्या आले, नळाला हात लावून बसले, बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा.

त्यांनी नळी लावली. डब्याच्या चारी अंगानं ऐकलं. "श्वास हाय," ते म्हणाले, "डोळे उघडत नाय." मग माझ्याकडे वळले. "कोनी हात लावला व्हता?"

"छे!" मी म्हटलं. "मी तर इथं दारात होते."

त्यांनी वहीत लिहिलं. मालकाचे नाव, म्हणजे माझं. जात गावरान. वय शून्य दिवस. मालकाचे म्हणणे: हात लावलेला नाही. आणि पुढं बारीक प्रश्नचिन्ह. माझ्या मनात पक्कं बसलं, की माझ्याच आगाऊपणानं काहीतरी जळालं. पण सांगायला तोंड उघडेना.

बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवार अख्खा त्यात गेला. तात्यांचा दुसरा नियम, "एका टायमाला एकच औषध." एकावेळी एकच वस्तू बदलायची, बघायचं, वहीत लिहायचं, मगच पुढची. आधी पडदा बदलला. माझ्याकडचा आणला. काळा. मग पडद्याची वायर. काळा. मग रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर घासलं, फुंकलं, बसवली. काळा. ती पट्टी दुसऱ्या खाचेत घातली. काळा. शेवटी स्वतःच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा वीज पुरवणारा डबाच उपसून आणला आणि तो जोडला. पंखा झकास फिरला. पडदा काळा तो काळाच.

प्रत्येक वेळी मी मनात देवाला काही ना काही कबूल करत होते. संध्याकाळी प्रदीपराव डोकावले, म्हणाले, "तयार आणला असता तर..." तात्यांनी स्टेथोस्कोप कानात घातला.

एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. कामातून जरा उसंत मिळाली की तात्यांची नजर फरशीवर जायची. मशीनच्या पायांकडे, कोपऱ्याकडे, दाराच्या फटीकडे. एका स्क्रूसाठी एवढं? नवीन स्क्रूंची पुडी तर तिथंच पडली होती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी वही मिटली. "बोर्डच आजारी हाय, पोरी. नायतर त्याच्यातला प्रोसेसर. आता माझ्या हातात नाय." औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ले आओ तात्या, कंपनी कू भेजते. पंधरा दिन तो पकडोच."

पंधरा दिवस! उद्या दुपारी बारा वाजता माझी अकरा वर्षांनी आलेली संधी संपत होती. मी मुख्याध्यापकबाईंचा नंबर काढला, काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगायला. बोट नंबरवर ठेवलं आणि रडू आलं. तात्या स्क्रू काढून बोर्ड डब्यातून बाहेर काढत होते. त्यांची मान खाली होती, कान लाल झाले होते. चूक माझी आणि मान खाली घालायची त्यांनी? मला ते बघवेना.

"तात्या, मी खोटं बोलले. बुधवारी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी बटण दाबलं होतं. माझ्यामुळंच जळालं ते."

तात्यांनी वर पाहिलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तर ते हसायला लागले. "बटन दाबल्यानं कोनी मरतं व्हय? त्यासाठीच हाय ते बटन! दोन दिस हे पोटात ठेवलंस?" आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "मुकं जनावर खोटं बोलत नाय. मा..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प झाले. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

त्यांनी बोर्ड माझ्या हातात दिला, खोकं शोधायला वळले. खिडकीतून ऊन येत होतं. मी नळाला हात लावून आले होते, सवयच झाली होती. बोर्ड हातात धरून उगाच बघत होते, ज्याच्यावर एवढी आशा लावली ते आहे तरी काय म्हणून. प्रोसेसरला वीज देणारी वायर जिथं बसते तिथं, वरच्या कोपऱ्यात, बारीक चौकोनी भोकांचा एक ठोकळा असतो. डब्यात बोर्ड बसला की ती जागा पंख्याआड जाते. डोळ्याला दिसत नाही, बोटांनी चाचपून वायर दाबायची. त्या भोकांपैकी एकात मला रंग दिसला.

"तात्या, इथं काहीतरी लाल आहे."

तात्या जिथं होते तिथंच थांबले.

मग हळूच आले. खिशातून भिंग काढलं, ठोकळ्यावर धरलं. चिमटा घेतला. दोनदा चिमटा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी भोकातून काढून तळहातावर ठेवला तो तांदळाचा दाणा होता. कुंकवात भिजवून वाळवलेला, एका टोकाला किडीनं खाल्लेला. अक्षता.

एवढासा दाणा तळाशी उभा राहिलेला, म्हणून वायर शेवटपर्यंत खाली गेलीच नव्हती. सगळं बदललं, पण वायर त्या दाण्यावरच जाऊन टेकत होती, नवीही आणि जुनीही.

"मी नाही हो टाकली," मी घाईनं म्हटलं. "देवाशप्पथ. बटण तेवढं दाबलं."

"मला मालूम हाय," तात्या म्हणाले. "मालक बोलतो ना खोटं. ह्या टायमाला मालक मी हाय."

ते खुर्चीवर बसले. शिलाई मशीनचा खण ओढला. रिळं, खडू, मोजायची फीत, सगळं काकूंनी ठेवलं होतं तसंच. त्यातून त्यांनी बटणांची गोल डबी काढली आणि झाकण उघडलं. आत बटणं नव्हती. अर्धी डबी लाल अक्षता.

"त्या कुंकवावरून भांडलो ना," ते म्हणाले, "तवापासून तिनं दुसरंच काढलं. पावडर उडती म्हनून दाने. नवा बोर्ड फळीवर ठेवून मी आंघोळीला गेलो की गुपचूप येऊन पाच दाने ठेवायची त्याच्यावर. मोजून पाच. तिला वाटायचं मला कळत नाय. मी यायचो आन् ती पोळ्या करायला गेली की एकेक उचलायचो. प्रत्येक टायमाला."

"काकूंना बोलला नाहीत कधी?"

"बोललो असतो तर हे बी बंद केलं असतं तिनं." त्यांनी डबी जरा हलवली. "टाकून तर कसे देनार? ह्याच्यात ठेवत गेलो."

बाहेर भाजीवाला ओरडत होता.

"बुधवारी आंघोळ करून आलो. बोर्ड फळीवर तसाच पडलेला. लई बोडका दिसला, पोरी. इतक्या वर्सांत असा बगितलाच नव्हता कधी. म्हनून ह्यातले पाच घेतले, ठेवले. जरा वेळ बसलो. उचलाया गेलो तर चारच. बोर्ड उलटा करून झटकला, वाटलं खाली पडला आसंल. तू चहा आनेस्तवर फरशीच बगत व्हतो."

"स्क्रू," मी म्हटलं.

"व्हय. स्क्रू." ते ओशाळून हसले. "तुला सांगायला लाज वाटली. आयुष्यभर लोकाला विचारलं, काय खाऊ घातलं, खरं सांग. आन् मीच..."

मी रडले, लपवत नाही. तात्या रडले नाहीत. त्यांनी तळहातावरचा दाणा डबीत सोडला, झाकण घट्ट लावलं, खणात ठेवली. मग उठून नळाला हात लावून आले.

अर्ध्या तासात बोर्ड पुन्हा डब्यात बसला. वायर दाबली तेव्हा 'टक्' असा आवाज आला, जो दोन दिवसांत एकदाही आला नव्हता आणि जो येत नाही हे नळी लावून ऐकणाऱ्या माणसाच्याही ध्यानात आलं नव्हतं. "दाब," तात्या मला म्हणाले, "तुला लई हौस हाय ना?" मी दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, एक बारीक शिट्टी वाजली आणि पडदा उजळला.

"उठलं!" मी ओरडले, इतकं, की कुलकर्णी गॅलरीतून डोकावले.

तात्यांनी वही उघडली. मालकाचे नाव या रकान्यात माझं नाव होतं, ते खोडून त्यांनी स्वतःचं लिहिलं. 'काय खाल्ले' समोर लिहिलं, 'अक्षता, नग एक'. 'मालकाचे म्हणणे' हा रकाना त्यांनी बराच वेळ पेन हातात धरून बघितला आणि कोराच ठेवला.

उरलेली पानं जुळवून स्मरणिकेची फाइल शनिवारी साडेअकराला छापखान्यात पोचली. शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक टायपात माझं नाव आहे. मला ते चष्म्याशिवायही दिसतं.

यानंतर तीन आठवड्यांनी कुलकर्ण्यांनी नवा कॉम्प्युटर बांधून मागितला आणि तात्या नाही म्हणाले नाहीत. मी दहाला चहा घेऊन गेले. फळीवर नवा बोर्ड खोक्यावर ठेवलेला होता, ठोकळ्यांवर सगळीकडे कागदाच्या बारीक टोप्या घातलेल्या. शेजारी बटणांची डबी होती, झाकण काढलेली. तात्या खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते.

"मी आंघोळीला चाललोय," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

तात्यांची आंघोळ पहाटे पाचला होते, हे मला पाण्याच्या मोटरीवरून रोज कळतं. ते आत गेले, बाथरूमची कडी लावल्याचा आवाज आला. पाण्याचा आवाज काही आला नाही.

मी मोरीतल्या नळाला हात लावून आले आणि डबीतले पाच दाणे मोजून बोर्डावर ठेवले. चहावर बशी झाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली, म्हणजे त्यांना बाहेर येता येईल.